ओ-पेअर म्हणून पहिला शरद ऋतू : जर्मनी की फ्रान्स?

पुण्या-मुंबईत जर्मन किंवा फ्रेंच शिकणाऱ्या अनेक मुलामुलींना पदवीनंतरचे एक वर्ष युरोपात काढण्यासाठी ओ-पेअर हा मार्ग परवडणारा वाटतो. यजमान कुटुंबात राहायचे, त्यांच्या मुलांकडे ठरलेले तास लक्ष द्यायचे आणि त्या बदल्यात राहणे, जेवण, हातखर्च व भाषा शिकण्याची संधी मिळवायची, असा हा व्यवहार आहे. देश निवडताना बहुतेक जण हातखर्चाचा आकडा आणि व्हिसाच्या अटी पाहून थांबतात. माझ्या मते त्याहून महत्त्वाचा निकष सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत दडलेला असतो. शाळेचे नवे वर्ष सुरू होण्याच्या सुमारास पुष्कळ ओ-पेअर रुजू होतात, दिनक्रम जेमतेम बसू लागतो आणि तेवढ्यात शरद ऋतूची सुट्टी येऊन तो मोडते. ती सुट्टी कधी, किती दिवसांची आणि कोणाच्या भरवशावर, याचे उत्तर दोन्ही देशांत वेगळे आहे.

आधी नियम थोडक्यात पाहू. जर्मनीत ओ-पेअरचे वय अर्जाच्या वेळी १८ ते २६ असावे लागते, जर्मनचा ए-१, म्हणजे अगदी प्राथमिक, स्तर दाखवावा लागतो, काम दिवसाला ६ आणि आठवड्याला ३० तासांपेक्षा जास्त देता येत नाही. २०२४ साली हातखर्चाची रक्कम दरमहा २८० युरो होती आणि भाषावर्गासाठी कुटुंबाने महिन्याला ७० युरो द्यावेत अशी तरतूद होती. बारा महिन्यांच्या करारात चार आठवड्यांची रजा मिळते. फ्रान्समध्ये वयोमर्यादा ३० पर्यंत जाते, काम आठवड्याला २५ तासांपुरते मर्यादित असते आणि हातखर्च किमान ३२० युरो असतो. भाषेबाबत फ्रान्स थोडा सैल आहे; फ्रेंचचे जुजबी ज्ञान नसेल, तर माध्यमिक स्तरापर्यंतचे शिक्षण किंवा एखादी व्यावसायिक पात्रताही चालते. नुसत्या कागदावर पाहिले तर फ्रान्स उजवा ठरतो, कारण तिथे कमी तासांत जास्त पैसे मिळतात. पण हे तास दिवसभरात कसे विखुरले जातात, हे कागदावर दिसत नाही.

सुट्टी कोणाची आणि काम कोणाचे

फ्रान्समध्ये शरद ऋतूची शालेय सुट्टी साधारण दोन आठवड्यांची असते आणि ती देशभर एकाच वेळी पडते. हिवाळी आणि वसंत ऋतूतील सुट्ट्यांसाठी देशाचे तीन विभाग पाडलेले आहेत; ही सुट्टी मात्र सगळ्यांची एकत्र असते. २०२५ मध्ये ती १८ ऑक्टोबरपासून ३ नोव्हेंबरला शाळा उघडेपर्यंत होती. साहजिकच त्या काळात गाड्यांची तिकिटे महाग होतात आणि शहरातील अनेक कुटुंबे आजी-आजोबांच्या गावी निघून जातात. ओ-पेअरपुढे मग दोनच शक्यता उरतात. एक तर घर रिकामे होते आणि तिला पंधरा दिवस मोकळे मिळतात, नाही तर तिला कुटुंबाबरोबर गावी न्यायचे ठरते आणि चुलत-मावस भावंडांसकट सगळी मुले नकळत तिच्याकडे येतात. दुसरी शक्यता वाईटच असते असे नाही. फ्रेंच बोलण्याचा सराव अशा घरात जितका होतो तितका वर्गात होत नाही. फक्त तिथे घड्याळाकडे कोणी पाहत नाही आणि २५ तास कधी उलटून गेले हे कळत नाही.

जर्मनीत प्रत्येक राज्याचे वेळापत्रक स्वतंत्र असते, आणि निवड करताना इथेच सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे. २०२५ मध्ये नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात, म्हणजे कोलोन-ड्युसेलडॉर्फच्या राज्यात, ही सुट्टी १३ ते २५ ऑक्टोबर अशी दोन आठवड्यांची होती. बव्हेरियात ती ३ ते ७ नोव्हेंबर एवढीच होती. सार्वजनिक सुट्ट्यांचेही तसेच आहे. ३ ऑक्टोबरचा एकीकरण दिन देशभर पाळला जातो, पण ३१ ऑक्टोबरचा धर्मसुधारणा दिन उत्तरेकडील आणि पूर्वेकडील प्रॉटेस्टंट परंपरेच्या राज्यांत, तर १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस बव्हेरिया, बाडेन-व्युर्टेम्बर्ग आणि ऱ्हाइन काठच्या कॅथलिक राज्यांत सुट्टीचा असतो. त्यामुळे ‘जर्मनीत जाणार’ एवढे ठरवून भागत नाही. म्युनिकचा ऑक्टोबर आणि हॅम्बुर्गचा ऑक्टोबर या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत म्हटले तरी चालेल.

रोजच्या आठवड्याचा फरकही मोठा आहे. फ्रान्समधील बहुतेक गावांत प्राथमिक शाळा आठवड्याचे चारच दिवस भरतात आणि बुधवारी मुले घरी असतात. उरलेल्या दिवशी साडेचारच्या सुमारास शाळेच्या दारात उभे राहायचे, खाऊ द्यायचा, गृहपाठाला बसवायचे, आणि बुधवारी मात्र जवळपास पूर्ण दिवस द्यायचा, अशी तिथल्या ओ-पेअरच्या कामाची मांडणी असते. जर्मनीत पाच दिवस शाळा असते, पण काही राज्यांत ती दुपारीच सुटते, त्यामुळे काम रोज थोडे थोडे आणि दुपारनंतर पसरते. सुट्टीत हे गणित बिघडते. आई-वडील दिवसाचे आठ तास कामावर असतील, तर जर्मनीतील ओ-पेअरचे सहा तास पुरत नाहीत आणि फ्रान्समध्ये पंचवीस तासांचे पाच दिवसांत पाचच तास येतात, ते तर अजिबातच पुरत नाहीत. मधली वेळ कोण भरून काढणार, म्हणजे शाळेचे सुट्टी-केंद्र, आजी, की पालकांची रजा, हा प्रश्न कुटुंबाला मुलाखतीतच विचारावा. उत्तर देताना समोरचा गडबडला, तर ती मधली वेळ तुमच्याकडूनच भरून घेतली जाण्याचा संभव आहे, हे समजून घ्यावे.

मुलांबरोबर काय करायचे

या बाबतीत जर्मनीचे पारडे मला स्पष्टपणे जड वाटते. जर्मन कुटुंबांत पाऊस हे घरात बसण्याचे कारण मानले जात नाही. चिखलाची पँट आणि रबरी बूट चढवून मुलांना बागेत किंवा जंगलात नेले जाते, आणि ओ-पेअरनेही तेच करावे अशी अपेक्षा असते. ऑक्टोबरमध्ये पतंग उडवणे, रानातले तांबूस चेस्टनट गोळा करून दातकोरण्यांनी त्यांची माणसे आणि प्राणी बनवणे, गावातल्या घाण्यावर सफरचंदांचा रस काढून आणणे, भोपळे कोरणे हे सगळे ठरलेले असते. स्टुटगार्टजवळच्या लुडविग्सबुर्गमध्ये राजवाड्याच्या बागेत भरणारे भोपळ्यांचे भव्य प्रदर्शन लहान मुलांना अख्खा दिवस पुरते. एक सावधगिरी दोन्ही देशांत सारखीच लागते : बागेतल्या रस्त्यांवर पडणारे चेस्टनट बहुधा खाण्याचे नसतात. ज्याचे कवच दाट, बारीक काट्यांनी भरलेले आणि ज्याच्या फळाला टोकाशी शेंडी असते ते खाण्याचे. ज्याच्या कवचावर विरळ, जाड काटे असतात आणि फळ गोल गुळगुळीत असते ते फक्त खेळण्याचे. जंगलातून परतल्यावर मुलांच्या अंगावर गोचीड नाही ना हे तपासण्याची सवय दक्षिण जर्मनीत विशेष गरजेची आहे, कारण तिथे गोचिडीमुळे मेंदूज्वराचा धोका असतो.

फ्रान्समधील शरद ऋतू अधिक खाण्यापिण्याचा आणि पाहण्याचा आहे. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी वारसा दिवस साजरे होतात आणि एरवी बंद असणाऱ्या सरकारी इमारतींची दारे उघडतात. मुलांना घेऊन जाण्यासारखा हा उत्तम कार्यक्रम आहे, मात्र रांगेत उभे राहण्याची तयारी हवी. रानातली अळंबी गोळा करण्याची परंपरा तिथे जोरात आहे आणि वेचलेली अळंबी ओळखून घेण्यासाठी लोक औषधांच्या दुकानात जातात, कारण फार्मसीच्या शिक्षणात त्याचाही समावेश असतो. ओ-पेअरने मुलांबरोबर स्वतःच्या अंदाजाने अळंबी वेचून घरी आणणे मात्र दोन्ही देशांत टाळावे. मोकळ्या वेळेचा विचार केला, तर २६ वर्षांखालील आणि युरोपीय संघात वास्तव्य असलेल्या व्यक्तीला लूव्र, ऑर्सेसारख्या राष्ट्रीय संग्रहालयांत प्रवेश विनामूल्य मिळतो, आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेली भारतीय ओ-पेअर त्यात बसते. पॅरिसमध्ये राहणाऱ्या तरुणीसाठी नोव्हेंबरचे पावसाळी रविवार यामुळेच सुसह्य होतात. उजेडाचाही फरक पडतो : नोव्हेंबरच्या अखेरीस बर्लिनमध्ये चार वाजण्याच्या सुमारास सूर्य मावळतो, पॅरिसमध्ये पाचच्या सुमारास. अंधाराने मन खचणाऱ्यांनी हा तास क्षुल्लक समजू नये.

दोन्ही देशांतील स्वभावभेद एकाच तारखेत पाहायचा असेल तर ११ नोव्हेंबर पाहावा. फ्रान्समध्ये तो १९१८ च्या युद्धविरामाचा दिवस आहे. सार्वजनिक सुट्टी असते, गावोगावच्या स्मारकापाशी पुष्पचक्र वाहिले जाते आणि कुटुंबे बहुधा जोडून रजा घेतात. जर्मनीत तीच तारीख संत मार्टिनची असते. आपला झगा तलवारीने कापून अर्धा भिकाऱ्याला देणाऱ्या या रोमन सैनिकाच्या स्मरणार्थ बालवाडीतील मुले कागदी कंदील बनवतात आणि संध्याकाळी ते काठीला लावून गाणी म्हणत मिरवणुकीने जातात. पुष्कळ ठिकाणी पुढे घोड्यावर लाल झगा घातलेला स्वार असतो. सुट्टी नसतेच, पण कंदील बनवण्याचे काम आठवडाभर आधी ओ-पेअरच्या टेबलावर येते. ऱ्हाइनलँडमध्ये त्या दिवशी सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी कार्निव्हलचा हंगामही सुरू होतो, म्हणून कोलोनमध्ये त्या दिवशी मुलांना गाडीने कुठे न्यायचे असेल तर आधी रस्त्यांची चौकशी करावी.

मराठी घरातल्या मुलीला इथे एक सोय मिळते. आकाशकंदील करण्याचा हात असेल, तर तो जर्मन घरात सरळ कामी येतो, आणि २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरच्या रविवारी तर भाऊबीज ११ नोव्हेंबरला येत असल्यामुळे कुटुंबाला दिवाळी समजावून सांगायला वेगळा मुहूर्त शोधावा लागणार नाही. २०२५ ची दिवाळी फ्रान्सच्या शालेय सुट्टीत आली होती. २०२६ ची मात्र सुट्टी संपल्यावर येते. सणासाठी एखादी संध्याकाळ मोकळी हवी असेल, तर ती सप्टेंबरमध्येच मागून ठेवावी. आदल्या आठवड्यात मागितल्यास पालकांचे वेळापत्रक ठरलेले असते. फ्रान्समध्ये आणखी एक भान ठेवावे लागते. १ नोव्हेंबरच्या सुमारास फुलांच्या दुकानांत शेवंतीच्या कुंड्यांची रास लागते, पण ती फुले थडग्यांवर ठेवण्यासाठी असतात. आपल्याकडे शेवंती पूजेत आणि तोरणात असते म्हणून यजमान आजीला शेवंती नेऊन दिली, तर भेटीचा अर्थ भलताच होईल.

स्वतःची रजा आणि प्रवास

जर्मनीत एक भेद लक्षात ठेवावा : कुटुंबाबरोबर सहलीला जाऊन तिथे मुलांकडे पाहावे लागत असेल, तर ते दिवस रजेत धरले जात नाहीत. फ्रान्सच्या बाबतीत रजेचे दिवस आणि सहलीतील कामाचे तास दोन्ही करारात स्पष्ट लिहून घेणे शहाणपणाचे. स्वस्त प्रवासासाठी जर्मनीत डॉइचलँड-टिकीट आहे. २०२६ पासून महिन्याला ६३ युरोंत देशभरातील स्थानिक आणि प्रादेशिक गाड्या त्यावर चालतात, वेगवान आयसीई मात्र नाहीत. फ्रान्समध्ये २७ वर्षांपर्यंतच्यांसाठी वर्षाला ४९ युरोंचे सवलत-कार्ड मिळते, पण शालेय सुट्टीतील तिकिटे तरीही लवकर काढावी लागतात. कागदपत्रांचा अडथळा ऐन शरद ऋतूतच उभा राहतो. फ्रान्समध्ये पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसाची ऑनलाइन नोंदणी पूर्ण करावी लागते. जर्मनीत पत्त्याची नोंदणी करून पुढे परदेशी नागरिक कार्यालयातून वास्तव्य परवाना घ्यावा लागतो, आणि व्हिसा कमी मुदतीचा असेल तर परवान्याची वाट पाहत असताना त्याची मुदत पुष्कळदा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संपते. परवाना हाती येईपर्यंत देशाबाहेरची सहल आखू नये.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही अनेकदा वाटते की आपल्याकडचीच एखादी मुलगी ओ-पेअर म्हणून आणावी, म्हणजे दिवाळीही साजरी होईल. नियम त्याला अनुकूल नाहीत. जर्मनीत घरची भाषा जर्मन असली तरी पालकांच्या मूळ देशातील ओ-पेअर त्यांना ठेवता येत नाही, आणि फ्रान्समध्ये ओ-पेअरचे राष्ट्रीयत्व यजमान कुटुंबापेक्षा वेगळे असावे लागते. ओळखीच्या घरी जाण्याचा बेत म्हणून अनेकदा फसतो.

मग निवड कशी करावी? घराबाहेर पहिल्यांदाच पडणाऱ्या, लहान मुलांत रमणाऱ्या आणि कुटुंबात मिसळून भाषा शिकू पाहणाऱ्या तरुणीने जर्मनी निवडावी, आणि तिथेही ऑक्टोबरमध्ये दोन आठवड्यांची सुट्टी असणारे राज्य मिळाले तर उत्तम, कारण तोवर थंडी सोसण्याजोगी असते आणि बाहेरचे कार्यक्रम होऊ शकतात. ज्याला स्वतःचा वेळ, संग्रहालये आणि प्रवास हवा आहे, किंवा ज्याचे वय सत्तावीस ओलांडले आहे, त्याला फ्रान्स सोयीचा. पण बुधवार हा कामाचा मोठा दिवस असेल हे मान्य करूनच. रुजू होण्याची तारीख मात्र दोन्हीकडे हट्टाने ऑगस्टच्या अखेरीची मागावी. व्हिसा लांबून ऑक्टोबरच्या मध्यावर पोहोचण्याची वेळ आली, तर फ्रान्समध्ये उतरताच पंधरा दिवस दिवसभर घरी असलेली मुले आणि एकही ओळखीचा शब्द नसलेले घर वाट्याला येते; अशा वेळी कुटुंबाशी बोलून सुट्टी संपल्यानंतरची, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातील तारीख घेणे दोघांच्याही हिताचे ठरते.