साइन लँग्वेज इंटरप्रिटर पुरवणारी पुण्यातली एक एजन्सी: पाचपैकी एक स्टार, तोही कोऑर्डिनेटर दादामुळे

नाव टाकत नाहीये, कारण माझी दोन बिलं अजून त्यांच्याकडे अडकलीयेत, आणि या लाइनमध्ये पुण्यात आहेत किती जण, ज्याला ओळखायचंय तो ओळखेलच. मी फ्रीलान्स इंटरप्रिटर. आई-बाबा दोघंही कर्णबधिर, त्यामुळे साइन मला मराठीच्या आधी आली, डिप्लोमा नंतर केला. तीन वर्षं यांच्यातर्फे कामं केली, त्यावरून लिहितेय.

आधी चांगलं सांगून टाकते. हिंजवडी, खराडीच्या मोठ्या कंपन्या एकट्यादुकट्या माणसाला व्हेंडर म्हणून घेत नाहीत, जीएसटी नंबर मागतात, सतरा फॉर्म भरायला लावतात, तिथे एजन्सीशिवाय आत शिरता येत नाही हे खरंय. कोऑर्डिनेटर दादा पण माणूस चांगला, रात्री अकराला फोन उचलतो. बास, संपलं.

आता हिंजवडी फेज ३ चा किस्सा. टाउनहॉल होता, म्हणजे सगळ्या स्टाफची मीटिंग, तीन तासांची, दोन इंटरप्रिटर ठरलेले. मी दोन बस बदलून, घामाघूम होऊन पोचले तर दुसरं कोणीच नाही, फोन केला तर म्हणे मॅडम आज जरा ॲडजस्ट करा. ॲडजस्ट काय करा? आम्ही दर २०-३० मिनिटांनी आलटून पालटून करतो ते काही नखरे म्हणून नाही, समोरचा बोलतोय ते ऐकायचं, अर्थ लावायचा, हातात आणि चेहऱ्यावर आणायचं आणि तोवर त्याचं पुढचं वाक्य सुरू झालेलं असतं, अर्ध्या तासानंतर डोकं आधी थकतं, खांदे मागून. त्यात आयएसएलची, म्हणजे इंडियन साइन लँग्वेजची, एबीसीडी दोन हातांची, आणि तो सीईओ दर वाक्यात एक शॉर्टफॉर्म मारतोय. पीपीटी मी दोन दिवस आधी मागितलेली, एजन्सीने ‘कॉन्फिडेन्शियल आहे’ म्हणून दिली नाही, मग बसा एकेक अक्षराचं स्पेलिंग करत. दीड तासाने मी काय साइन करतेय ते मलाच कळेना आणि नेमका तेव्हाच बाँडचा विषय निघाला, म्हणजे किती काळ नोकरी सोडायची नाही त्याचा. संपल्यावर एक डेफ मुलगा येऊन विचारतो, ताई, बाँड एक वर्षाचा की दोन? मला सांगता आलं नाही. त्याच्या नोकरीचा प्रश्न होता, माझ्या खांद्याचा नाही.

आणि जेवताना एचआरच्या मॅडम सहज बोलून गेल्या की आम्ही दोघांचे मिळून १२ हजार दिलेत, वर १८ टक्के जीएसटी. मला मिळाले २ हजार, ते पण चार महिन्यांनी. टीडीएस कापला, पण २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेला टॅक्स दिसतो त्या फॉर्ममध्ये, त्याचा पत्ताच नाही.

अजून एक ग्रेट प्रकार म्हणजे प्रोफाइल. माझं सर्टिफिकेट, माझा फोटो क्लायंटला दाखवायचा आणि पाठवायचा कुठलातरी वर्कशॉप करून आलेला मुलगा, त्याला बिचाऱ्याला ५००-७०० रुपये. मला हे कळलं कसं, तर बाबांच्या मित्राने विचारलं, काल तू येणार होतीस ना? (वेबसाइटवर अजून ‘मूकबधिर’ लिहिलंय. ‘कर्णबधिर’ लिहा म्हणून सहा वेळा सांगून झालं.)

कँसल आदल्या रात्री झालं तर आम्हाला शून्य. वर करारात कलम, की काम सोडल्यावर दोन वर्षं त्यांच्या क्लायंटकडे परस्पर जायचं नाही. हे आम्ही बरेच दिवस घाबरून पाळलं, मग एका वकील मैत्रिणीला दाखवलं तर ती हसलीच, म्हणाली १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ बघ, करार संपल्यावर अशी बंदी कोर्टात सहसा टिकत नाही.

मग आम्ही सहा जण सदाशिव पेठेतल्या अमृततुल्यात भेटलो, सगळ्यांनी आपापले मेसेज आणि बिलं काढली. तोवर प्रत्येकाला वाटत होतं आपल्यालाच कमी मिळतं. एकाला तर एजन्सीने सांगितलेलं की बाकीचे याहून कमी घेतात! तिथेच कागदावर लिहिलं: एका तासाच्या वर काम असेल तर दोघं, पीपीटी आधी, २४ तासांच्या आत कँसल केलं तर अर्धे पैसे, परवानगीशिवाय सर्टिफिकेट वापरायचं नाही. सगळ्यांनी उद्यमवर, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी पोर्टलवर, नोंदणी केली, फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. त्याचा फायदा असा की एमएसएमई कायद्यात पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी काही ठरलं नसेल तर १५, आणि उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, सरकारकडे ऑनलाइन तक्रार करता येते. कर्णबधिर मंडळी पण यात आली, ती आता कंपनीला सांगतात की इंटरप्रिटर कोण येणार त्याचं नाव आधी कळवा.

गेल्या महिन्यात एजन्सीचा मेसेज आला, ‘चार तास, सिंगल चालेल ना?’ सहाही जणांना वेगवेगळा. सहाही जणांनी लिहिलं, दोघं लागतील. दोन दिवस शांतता, मग दादाचा फोन, बरं, दोघं या. आम्ही गेलो, काम झालं, पीपीटी पण मिळाली होती. पैसे अजून आले नाहीत, आज ३१ वा दिवस आहे. ४५ झाले की इथेच एडिट करून टाकते.