टपालाने आलेले बारा पाठ: शेवटचा न्याय आणि विश्वास

निवृत्तीनंतर टपालाने पवित्र शास्त्र शिकवणाऱ्या एका मराठी अभ्यासक्रमात मी नाव घातले, ते मुख्यतः भाषेच्या ओढीने. आजोबा नगर जिल्ह्यातून इंदुरात आले तेव्हापासून आमच्या घरात प्रार्थना मराठीत होते, परंतु चर्चमधील उपासना हिंदीत चालते. तेथे ‘उद्धार’ आणि ‘अनुग्रह’ कानांवर पडतात, तर आईच्या पवित्र शास्त्रात ‘तारण’ आणि ‘कृपा’ आहे. त्यात माझी सारी नोकरी बँकेच्या कर्जविभागात गेल्यामुळे तारण म्हटले की मला अजूनही आधी कुणाच्या तरी सोन्याच्या पाटल्या आठवतात, हे कबूल केले पाहिजे.

अभ्यासक्रमाला शुल्क नाही. टपालखर्च तेवढा आपला. पुस्तिकांचा कागद पातळ असला तरी टाइप मोठा आहे, आणि मराठी इतके स्वच्छ आहे की चष्मा पुसत पुन्हा वाचावे असे एकही वाक्य मला सापडले नाही. प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटी प्रश्नपत्रिका असते, ती भरून पाठवली की तपासून पुढच्या पाठासह परत येते.

पाचवा पाठ सर्वांत सरस आहे. न्याय म्हणजे जगाच्या अंती होणारा गडगडाट, एवढीच समजूत असलेल्या वाचकाला लेखक योहानाच्या शुभवर्तमानातल्या 5:24 या वचनाकडे नेतो. जो ऐकतो आणि विश्वास ठेवतो तो मरणातून जीवनात गेलेलाच आहे, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे निकालाची सुरुवात आजच होते. विश्वास म्हणजे नुसती मान्यता नव्हे, हे सांगण्यासाठी याकोबाच्या पत्रातले भुतांचे वचन घेतले आहे: देव एक आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात. आईवडिलांचा विश्वास मुलांच्या नावावर वारसाहक्काने चढत नाही, हे त्याच पाठातले विधान माझ्यासारख्या तिसऱ्या पिढीच्या ख्रिस्ती माणसाला बरेच दिवस बोचत राहिले.

‘नीतिमान ठरवणे’ या संज्ञेचा पाठ मात्र एकांगी वाटला. न्यायाधीश आरोपीला निर्दोष जाहीर करतो, त्याला चांगला माणूस बनवत नाही, हा दाखला सोळाव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट सुधारक ल्यूथरच्या परंपरेतला आहे. कॅथलिक शिकवणीप्रमाणे देवाची कृपा माणसाला आतूनही नीतिमान करते, आणि 1545 ते 1563 या काळात भरलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने तसे ठामपणे मांडले. या वादावर ल्यूथरन आणि कॅथलिक अशा दोन्ही बाजूंनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, ही एवढी मोठी गोष्ट पाठात एका ओळीनेही येऊ नये, याचे आश्चर्य वाटते.

माझी खरी तक्रार नवव्या पाठाबद्दल आहे. पवित्र शास्त्राच्या शेवटी येणाऱ्या प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात न्यायाच्या पांढऱ्या राजासनापुढे आधी ‘पुस्तके’ उघडली जातात आणि मग ‘आणखी एक पुस्तक’, म्हणजे तारण झालेल्यांची नावे असलेले जीवनाचे पुस्तक, उघडले जाते. आयुष्यभर खातेवह्या तपासलेल्या माणसाच्या नजरेतून हे सुटणे शक्य नव्हते. पाठात दुसऱ्या पुस्तकाचे विवरण चार पानांचे आहे. पहिल्या पुस्तकांत लोकांची कृत्ये लिहिलेली आहेत आणि त्यांप्रमाणे न्याय होतो, यावर लेखक जवळजवळ गप्प आहे. तारण विश्वासाने, तर कृत्यांच्या वह्या उघडायच्या कशाला, असे मी प्रश्नपत्रिकेखाली विचारले. पाच आठवड्यांनी लाल शाईत उत्तर आले: ‘इफिसकरांस 2:8-9 पाहा.’ तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, कृत्यांनी नव्हे, असे सांगणारी ती वचने मला पाठ आहेत. त्यांच्या लगतच्या दहाव्या वचनात सत्कृत्यांसाठीच आपली निर्मिती झाल्याचे म्हटले आहे, ते परीक्षकांनी पाहिले नसावे.

तोच प्रश्न मी दहाव्या पाठाबरोबर पुन्हा धाडला. या वेळी अक्षर निराळे होते, पेन्सिलीचे आणि किंचित कापरे: ‘मत्तय 25 मधल्या मेंढरांनी हिशेब ठेवलेला नव्हता. शेरडांनीही नव्हता.’ मी तो अध्याय काढला. भुकेल्याला खायला घालणारे, म्हणजे मेंढरे, आणि न घालणारे, म्हणजे शेरडे, दोघेही न्याय करणाऱ्या राजाला एकच विचारतात, की प्रभो, आम्ही तुला केव्हा पाहिले? वही दोन्हीकडे कोरीच होती. ती दुसऱ्याच कुणी लिहिली होती. पहिल्या पुस्तकांत विश्वासाचीच नोंद दिसते, कृत्यांच्या रूपाने, असा त्या दोन वाक्यांचा अर्थ मी लावतो, आणि चार पानांच्या विवरणापेक्षा मला तो पटतो.

शेवटच्या पुस्तिकेत ‘मी आज ख्रिस्तावर विश्वास ठेवला’ या विधानाखाली सही आणि तारीख मागितली आहे. सही मी केली, तारखेची जागा मोकळी सोडली. त्याबद्दल कुणी विचारणा केली नाही, हे त्यांच्या सभ्यतेचेच लक्षण मानतो. प्रमाणपत्रावर आडनाव चुकले आहे.

नाव घालणाऱ्यांनी प्रत्येक प्रश्नपत्रिका टपालात टाकण्यापूर्वी तिची झेरॉक्स काढून ठेवावी, कारण माझी सातवी वाटेत गहाळ झाली आणि ती मला पहिल्यापासून लिहावी लागली.