लेझरवर घरीच पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड) : ७ महिन्यांनंतर

आधीच सांगतो, ५ वॅटचा डायोड लेझर तांबं कापत नाही. घेताना मलापण वाटलेलं की बोर्ड ठेवला की ट्रॅक (वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या रेषा) कोरूनच बाहेर येतील, पण ३५ मायक्रॉनचा तांब्याचा थर उडवणं निळ्या ४५० नॅनोमीटरवाल्याच्या आवाक्यातलं नाही, त्याला फायबर लेझर लागतो. म्हणून मग कॉपर क्लॅडवर (तांब्याचा थर असलेला कोरा बोर्ड) मॅट काळा स्प्रे मारायचा, जिथलं तांबं नकोय तिथला रंग जाळायचा आणि बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये, ते उघडं तांबं विरघळवतं.

पहिले तीन बोर्ड फुकट गेले. तासभर हलवत बसलो तरी ट्रॅकच्या मधे तांब्याचे डाग तसेच, मला वाटलं केमिकलच जुनं झालंय, शेवटी भिंग लावून बघितलं तर जळलेल्या रंगाची अगदी पुसट तपकिरी साय राहिलेली. आता जाळून झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रशने हलक्या हाताने घासतो (रंग पूर्ण वाळलेला नसेल तर तोही निघतो, घाई नको), मग १०-१५ सेकंद फेरिकमध्ये बुडवून धुऊन बघतो. उघडं तांबं लगेच फिकट गुलाबी, निस्तेज पडतं. जिथे अजून चकाकतंय तिथे साय आहे, परत घासा. ही एक सवय लागली आणि बोर्ड वाया जाणं जवळपास थांबलं.

दुसरा घोळ मिररचा, म्हणजे चित्र आरशातल्यासारखं उलटं करण्याचा. टोनर ट्रान्सफरची (कागदावर लेझर प्रिंटरने छापलेलं चित्र इस्त्रीने तांब्यावर उतरवायचं) सवय, खालची बाजू तशीच छापायची कारण इस्त्री करताना ती आपोआप उलटते. इथे थेट तांब्यावर जाळतोय, त्यामुळे कायकॅडमधून (बोर्ड डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) काढलेला बॉटम लेयर, म्हणजे खालची बाजू, मिरर करावा लागतो. मी विसरलो आणि आयसीचे (चिपचे) पाय उलटे आले, ती आयसी शेवटी बोर्डाच्या मागून पाय वाकवून लावली, दिसायला भयंकर पण चालते! इमेज निगेटिव्ह करायला पण विसरू नका, नाहीतर नेमके ट्रॅकच जळतात.

०.८ मिमी पिचची (दोन पायांमधलं अंतर) टीक्यूएफपी, म्हणजे चारही बाजूंना पाय असलेली चपटी चिप, आता आरामात निघते, टोनरने कधी धड जमली नव्हती. फक्त बोर्ड सपाट हवा, कोपरा जरा उचललेला असला की फोकस जातो आणि त्या बाजूचे ट्रॅक बारीक होतात, मी चारही बाजूंनी टेप लावतो. ४५० नॅनोमीटरसाठीचा चष्मा आणि धूर बाहेर काढणारा फॅन, यात काटकसर नको.

ड्रिलिंग अजून हातानेच. डबल साइड दोनदा करून बघितलं, दोन्ही वेळा भोकं अर्धा मिमी सरकली, सध्या वरच्या बाजूला ट्रॅकऐवजी जंपर वायर (दोन ठिकाणं जोडणारी सुटी तार) टाकतोय.