गुलमर्गचं 'स्की टूरिंग वीक' पॅकेज : पैसे भरायच्या आधी हे वाचा

फसवणूक म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते पैसे गेले, नंबर बंद, इन्स्टाचं पेज गायब. आमच्याबाबतीत यातलं काहीही झालं नाही. श्रीनगर एअरपोर्टवर माणूस आमच्या नावाचा बोर्ड घेऊन उभा होता, गाडी चांगली होती, उतरल्या उतरल्या कहवा मिळाला, रोज रात्री गरम जेवण, फोन पहिल्या रिंगला उचलायचे. फक्त ज्याच्यासाठी माणशी ६८ हजार ठरले होते ते सोडून बाकी सगळं मिळालं, आणि रोज न मिळण्याचं कारण इतकं पटण्यासारखं असायचं की निम्मा आठवडा आम्हीच त्यांना उलट थँक्यू म्हणत होतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. आपण गुलमर्गचे फोटो बघतो ते बहुतेक गोंडोलाजवळच्या (म्हणजे केबल कारजवळच्या) सौम्य उतारावर शिकणाऱ्यांचे असतात. स्की टूरिंग वेगळं. स्कीच्या तळाला स्किन नावाची केसाळ पट्टी चिकटवायची, तिचे केस एका दिशेला असतात म्हणून स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही, बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवायचा सांधा, असं असतं की चढताना टाच मोकळी राहते, मग लिफ्ट नसलेल्या डोंगरावर आपल्या पायाने चढायचं, वर पोचलं की स्किन काढायची, टाच लॉक करायची आणि कोणी न तुडवलेल्या बर्फातून खाली यायचं. सह्याद्रीत पाय मोडेपर्यंत फिरलेल्या माणसाला याचं खूळ लागलं नाही तरच नवल. माझा मामेभाऊ कॅलगरीला असतो, तो दर हिवाळ्यात ब्रिटिश कोलंबियातल्या कुठल्या ना कुठल्या लॉजवर जातो, तिथे रस्ताच नसतो, हेलिकॉप्टर शनिवारी सोडतं आणि पुढच्या शनिवारी परत नेतं, सोबत गाईड आणि कुक. त्याचा खर्च ऐकूनच आम्ही गार झालो. गुलमर्गला बेसिक स्की कोर्स आधी झाला होता, त्यामुळे तिथेच असं काही मिळतंय का हे शोधायला लागलो आणि मिळालं.

जाहिरातीत काय होतं ते सांगते, कारण शब्द महत्त्वाचे आहेत. गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरामागच्या खोऱ्यात जंगलाच्या वर लाकडी लॉज, फक्त स्कीवरून पोचता येणारं. रोज गाईडेड टूर, सर्टिफाईड गाईड, ॲव्हलांचचं (हिमस्खलनाचं) पूर्ण किट, रेस्क्यू इन्शुरन्स, दोन दिवस गोंडोलाच्या फेज टूचा, म्हणजे वरच्या टप्प्याचा पास. आम्ही नाशिकचे पाच जण. निम्मे पैसे यूपीआयने आधी, निम्मे पोचल्यावर कॅश.

पोचलो ते टंगमर्गच्या एका हॉटेलात. तिथून गुलमर्ग १३ किलोमीटर, चेन लावलेल्या गाड्याच वर सोडतात. सांगितलं की खूप बर्फ पडलाय, लॉजचा रस्ता उघडला की निघू, आजची रात्र इथे. बर्फ खरंच पडत होता, चिल्लई कलां, म्हणजे काश्मीरमधला कडाक्याच्या थंडीचा काळ, संपत आला होता, तरी खिडकीतून समोरचं झाड दिसत नव्हतं. कोण भांडणार? दुसऱ्या दिवशी 'ॲव्हलांच वॉर्निंग आहे मॅडम, रिस्क नहीं लेंगे'. तिसऱ्या दिवशी तेच. आणि हे खोटं नव्हतं! चंदीगडच्या डीजीआरई या सरकारी संस्थेचं ॲव्हलांचचं बुलेटिन निघतं, जिल्ह्यांप्रमाणे, ते खरंच होतं आणि त्यात बारामुल्ला होतं, गुलमर्ग त्याच जिल्ह्यात येतं. अफरवटला फेब्रुवारी २०२३ मध्ये ॲव्हलांचमध्ये दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन गेला. हे आम्हाला माहीत होतं, पॅकेजवाल्या माणसानेही पुन्हा सांगितलं, फोटोसकट. त्यानंतर 'आम्हाला वर न्या' म्हणणारा माणूस मूर्खच दिसतो.

इथेच सगळी मेख आहे. साध्या टूरमध्ये हॉटेल बदललं की आपण आरडाओरडा करतो. इथे चांगला गाईड पण 'नाही' म्हणतो आणि लबाड माणूस पण 'नाही'च म्हणतो, दोघांचं कारण एकच, आणि दोघांच्या अटींमध्ये 'हवामानामुळे रद्द झाल्यास परतावा नाही' हे वाक्य असतं. कॅनडातल्या लॉजच्या अटीतही असतं, मामेभावाने दाखवलं. मग फरक कसा कळणार? आम्हाला तो योगायोगाने कळला.

आमच्यातल्या दोघांचं सिम प्रीपेड होतं, बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, म्हणून त्यांना नेट फक्त त्या माणसाच्या हॉटस्पॉटवर. बाकी तिघांना रेंज यायची जायची. तर चौथ्या दिवशी कंटाळून, त्यांना न विचारता, आम्ही शेअर जीप करून गुलमर्गला गेलो. गोंडोलाची फेज वन चालू! म्हणजे कोंगडोरीपर्यंत, साधारण ३०८० मीटर. फेज टू, जी अफरवटवर ३९५० च्या आसपास नेते, ती बंद होती, स्की पेट्रोलवाले वरचे उतार तपासल्याशिवाय ती उघडत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पण खाली स्टेशनजवळ एक परदेशी ग्रुप स्किन झटकत बसलेला, चेहरे लाल, दमलेले, खूश. त्यांच्यासोबत एक काश्मिरी चाचा होते, साठीचे तरी असतील. मी विचारलं, वर तर वॉर्निंग आहे ना? ते म्हणाले, आहे ना, म्हणून वर नाही गेलो. गेले तीन दिवस मंकी हिलच्या झाडीत चढउतार केले, एक दिवस जंगलातून खाली बाबारेशीला उतरलो, उतार कमी, झाडं दाट. ॲव्हलांच बहुतेक ३० ते ४५ अंशाच्या उतारावर सुटतं, बर्फ भरपूर पडलाय तेव्हा त्यापेक्षा कमी उतार शोधायचा, आणि वरून कुठल्या मोठ्या उताराचा माल आपल्या अंगावर येणार नाही ना ते बघायचं, हेच तर गाईडचं काम. गाईडचे पैसे चांगल्या हवेसाठी थोडेच देतात, असं ते हसत म्हणाले, आणि मला तेव्हा पोटात खड्डा पडल्यासारखं झालं.

आमच्या 'गाईड'ने तीन दिवसात मंकी हिलचं नाव काढलं नव्हतं. हॉटेलच्या मागच्या अंगणात बीकन, म्हणजे बर्फात गाडलेल्याला शोधायचं यंत्र, शोधायची प्रॅक्टिस घेतली नव्हती. खड्डा खणून बर्फाचे थर दाखवले नव्हते. पत्ते खेळायला मात्र बसायचा, पोरगा तसा गोड होता, नंतर कळलं की तो शिकाऊ उतारावर पर्यटकांना तासावर स्की शिकवतो, टूरिंग त्याने कधी केलंच नव्हतं, आणि त्याला दिवसाला जे मिळत होतं ते ऐकून त्याच्यावर राग धरता आला नाही.

लॉजचं विचारलं तर चाचांनी भुवया वर केल्या. "किसने बोला उधर लॉज है?" मागच्या बाजूला आहेत ती गुज्जर-बकरवाल मेंढपाळांची उन्हाळ्यातली मातीची घरं, हिवाळ्यात बर्फाखाली. मग त्यांनी विचारलं किट कुठलं दिलंय. किट आम्ही हौसेने बॅगेत घेऊन आलो होतो, फोटो काढायला, दुसरं काय. ते म्हणाले घाला अंगावर. बीकन म्हणजे छातीवर बांधायचं यंत्र, ४५७ किलोहर्ट्झवर सिग्नल सोडतं, कोणी गाडलं गेलं तर बाकीचे आपापलं यंत्र सर्चवर टाकून त्याला शोधतात, वेळ हातात असते दहा-पंधरा मिनिटं, त्यानंतर जिवंत निघायची शक्यता झपाट्याने कमी होते. चाचांनी स्वतःचं सर्चवर टाकलं आणि आम्हाला एकेक करून समोरून चालायला लावलं. रोज सकाळी निघताना हे करतातच म्हणे. पहिल्याला आवाज आला. माझ्या वेळी आला. पुढचे दोघं गेले आणि यंत्र गप्प. एकाचं उघडून बघितलं तर सेल फुगून पांढरी पूड आलेली, दुसऱ्याचं लाईट लागत होता पण सिग्नल शून्य. पाचव्याकडे बीकनच नव्हतं, त्याला 'ग्रुपमध्ये चार पुरतात' असं सांगितलेलं. स्किन आमच्या स्कीपेक्षा बोटभर अरुंद, गोंद सुकलेला. बूट साधे लिफ्टवाले, टाच मोकळी सोडणाऱ्या बाइंडिंगमध्ये बसणारच नाहीत असे. म्हणजे हवा कितीही छान असती तरी आम्हाला वर नेण्याचा बेत कधी नव्हताच, नेता येणंच शक्य नव्हतं.

चाचा चिडले ते पैशावरून नाही. त्या दोन बंद बीकनवरून.

संध्याकाळी पॅकेजवाल्याला फोन केला. आवाज तोच मऊ, "मॅडम, सेफ्टी फर्स्ट". मी म्हणाले आमच्या पाचपैकी तिघांना गाडलं गेल्यावर शोधता आलं नसतं, ही कुठली सेफ्टी? तर म्हणे उद्या नवीन सेल पाठवतो. लॉजबद्दल विचारलं तर 'हिवाळ्यात कधी कधी उघडत नाही'. उरलेले पैसे कॅशमध्ये पहिल्याच रात्री घेतले होते. शेवटी माणशी ५ हजार 'गुडविल' म्हणून देतो म्हणाला, त्या बदल्यात चांगला रिव्ह्यू टाका आणि तक्रार नाही असं लिहून द्या. नाही घेतले.

घरी आल्यावर जे तपासलं ते जाण्याआधी तुम्हाला दहा मिनिटांत तपासता येईल. लॉजचा फोटो मामेभावाला पाठवला, त्याने ओळखलाच, ब्रिटिश कोलंबियातलं लॉज आहे, तो स्वतः राहून आलाय. बिलावरचा जीएसटी नंबर घ्या, पहिले दोन आकडे राज्याचे असतात, जम्मू-काश्मीरचा ०१, आपला २७. आमच्या 'श्रीनगरच्या कंपनी'च्या बिलावर ०७, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या पोर्टलवर तो नंबर टाकला तर फुकटात नाव दिसतं, आणि दिसलं ते केटरिंगचा धंदा असलेलं. यूपीआय गेलं होतं तिसऱ्याच कुणाच्या वैयक्तिक खात्यात. रेस्क्यू इन्शुरन्सची जी पीडीएफ दिली होती ती साधी अपघात पॉलिसी, आत बारीक अक्षरात साहसी खेळ वगळलेले.

आणि गाईडचं नाव. हे आधी मागा, पैसे भरायच्या आधी, 'आमचे एक्सपर्ट' असलं उत्तर चालवून घेऊ नका. काश्मीरमध्ये ट्रॅव्हल एजंट आणि गाईड दोघांनाही पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, १९७८ पासूनचा कायदा आहे, नंबर मागितला की खरा माणूस लगेच देतो. कॅनडात गाईडच्या असोसिएशनच्या साइटवर नाव टाकून बघता येतं कोण कुठल्या पातळीपर्यंत पास आहे. मग त्या गाईडशी फोनवर बोला आणि एकच विचारा, की तीन दिवस सलग बर्फ पडला आणि फेज टू बंद राहिली तर आपण काय करायचं? ज्याला काम येतं तो भराभर जंगलांची नावं घेईल, द्रंग म्हणेल, बाबारेशी म्हणेल, बीकनची ड्रिल म्हणेल. ज्याला येत नाही तो म्हणेल हवा मस्त असणार आहे, टेन्शन नॉट. किटचे फोटो मागा, मॉडेलचं नाव दिसेल असे, आणि पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी चाचांसारखं एकेकाला चालवून बीकन तपासा. उरलेले पैसे त्यानंतर द्या.

तक्रारीचं सांगते. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, त्यांनी नीट ऐकून घेतलं पण म्हणाले तुम्ही स्वतः पैसे पाठवलेत, माणूस फरार नाही, सेवा अर्धवट दिलीये, हे ग्राहक आयोगाचं काम. बँकेचं पण तेच. मग वकील मैत्रिणीने सांगितलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, श्रीनगरला किंवा दिल्लीला खेटे मारायची गरज नाही, आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी पण नाही. आमचे पाच जणांचे मिळून ३ लाख ४० हजार. कॅशची पावती मागून घेतली होती म्हणून बरं, नाहीतर अर्धे पैसे सिद्धच करता आले नसते. आधी नोटीस पाठवली, उत्तर आलं 'फोर्स मॅज्योर', म्हणजे देवाच्या करणीवर आमचा इलाज नाही. आम्ही जोडलंय त्या दिवसांचं फेज वनचं तिकीट, चाचांच्या ग्रुपमधल्या एका बाईने स्वतःहून पाठवलेले तारखेसकटचे मंकी हिलचे फोटो, आणि बंद बीकनचा व्हिडिओ. देवाने बीकनमधले सेल बदलू नका असं सांगितलं नव्हतं.

तक्रार आता दाखल झालीये, पुढची तारीख मिळालीये. मैत्रीण म्हणते एकाच माणसाकडून एकाच पद्धतीने फसलेले लोक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. त्यामुळे गेल्या दोन हिवाळ्यांत ज्यांनी गुलमर्गला लाकडी लॉजवालं टूरिंग पॅकेज घेतलं आणि आठवडा टंगमर्गच्या हॉटेलात काढला, त्यांनी आपलं बिल काढून जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघा. ०७ असेल तर बिल, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपचं चॅट काही डिलीट करू नका, मला मेसेज करा, पूर्ण नंबर जुळवून बघू.