बग्ग्या पाहायच्या तर व्हिएन्ना की लिस्बन?

ठाण्यात नौपाड्यातल्या एका स्नेह्यांना पुढच्या वर्षी युरोपला जायचंय आणि राजघराण्यांच्या घोडागाड्यांचं एक तरी संग्रहालय नीट पाहायचंय. व्हिएन्ना की लिस्बन, असं त्यांनी विचारलं. मी दोन्ही पाहिली आहेत, चार वर्षांच्या अंतराने. जयपूरच्या सिटी पॅलेसमधला बग्गीखाना त्यांनी पाहिलेला आहे, त्यामुळे बग्गी म्हणजे काय इथून सुरुवात करायला नको.

व्हिएन्नाचा संग्रह म्हणजे वागेनबुर्ग. शोनब्रुन राजवाड्याच्या आवारात, घोडेस्वारीच्या जुन्या हिवाळी शाळेत तो १९२२ पासून आहे. तिथला सोनेरी शाही कोच आठ पांढरे घोडे ओढत. वजन सुमारे चार टन! पण मी जास्त वेळ थांबलो तो काळ्या शवगाडीपाशी. १९१६ मध्ये सम्राट फ्रान्झ योझेफची अंत्ययात्रा तिच्यातून निघाली होती. नेपोलियनच्या लहानग्या मुलाची चिमुकली गाडीही तिथेच आहे, मुलं तिच्यापासून हलत नाहीत.

मग अडलं कुठे? वेळेत. आमच्या सहल कंपनीने सगळा वेळ राजवाड्यासाठी ठेवला होता. वागेनबुर्गचं तिकीट वेगळं काढावं लागतं, ते कार्यक्रमात नव्हतंच. मी विनंती करून गटातून सुटलो आणि हातात उरली पस्तीस मिनिटं. माझ्या आजोबांचा टांगा ठाणे स्टेशनाबाहेर उभा असे. तापवलेली लोखंडी धाव चाकावर चढवून वर पाणी ओतायचं, की ती आवळून आरे घट्ट बसतात, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे माझी नजर सोनेरी नक्षीच्या आधी खाली जाते: तुंबा, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, कसा आहे, आस कुठून गेलाय, गाडीखाली कमानी (स्प्रिंगा) आहेत की नुसते चामड्याचे पट्टे. एका कोचाचे पट्टे वाकून पाहत होतो तेवढ्यात बस निघत असल्याचा फोन आला. दोष कंपनीचा, संग्रहालयाचा मुळीच नाही. पण एवढा मोठा राजवाडा शेजारी असला की बग्ग्यांच्या वाट्याला उरलेला वेळच येतो, असं मला वाटतं. स्वतंत्र जाणाऱ्यांचा अनुभव कदाचित वेगळा असेल.

लिस्बनला बेलेम भागात माणूस बग्ग्यांसाठीच जातो. पोर्तुगालच्या राणी आमेलियाने १९०५ मध्ये राजघराण्याच्या जुन्या अश्वारोहण शाळेत हे संग्रहालय उघडलं. २०१५ पासून बहुतेक गाड्या समोरच्या नव्या, मोठ्या इमारतीत आहेत. प्रत्येक गाडीभोवती फिरता येतं, मागून पाहता येतं, वाकून खालचा सांगाडा न्याहाळता येतो. मी तीन तास होतो, कुणी हाक मारली नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कोचापासून पुढे चालत गेलं, की गाडीचा पिंजरा आधी पट्ट्यांवर झुलायचा आणि मग पोलादी कमानींवर कसा आला, ते पायांनीच कळतं.

१९०८ मध्ये आमेलियाच्या नवऱ्याची, राजा कार्लोसची, लिस्बनमध्ये उघड्या लँडो गाडीतच गोळ्या घालून हत्या झाली. राणी त्याच गाडीत होती. ती गाडीही संग्रहात आहे, गोळ्यांच्या खुणांसकट. तिच्यासमोर मी बराच वेळ गप्प उभा होतो.

पण ठाणेकराने आधी शोधावा तो महासागरांचा कोच. राजा जुआंव पाचव्याने १७१६ मध्ये पोपकडे रोमला वकिलात पाठवली, तिच्यातला हा. मागच्या बाजूच्या सोनेरी मूर्तींमध्ये अटलांटिक आणि हिंदी महासागर हस्तांदोलन करताहेत. त्या वेळी आपलं ठाणं याच राजाच्या अंमलाखाली होतं. १७३० मध्ये पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधायला घेतला, आज तिथे कारागृह आहे. १७३७ मध्ये ठाणं मराठ्यांनी घेतलं, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई. हा धागा मला व्हिएन्नात सापडला नसता.

लिस्बनला जाताना मला मध्ये विमान बदलावं लागलं, खर्चही थोडा वाढला. तुमच्या सहलीत व्हिएन्ना आधीच ठरलेलं असेल तर ते जरूर पाहा, फक्त वागेनबुर्गसाठी निदान दोन तास मिळतील का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या. पण निवड तुमच्या हातात असेल, तर मी लिस्बन म्हणेन. तिथे सोमवारी संग्रहालय बंद असतं, तेवढं मुक्कामाचं गणित सांभाळा.