आम्रखंड, आंबा कुल्फी की आंबा आइस्क्रीम? कोणी काय करावं

हापूसच्या गरात साधारण ८० टक्के पाणी असतं. खाताना ते जाणवत नाही, पण थंड गोड करायला घेतलं की सगळी अडचण त्या पाण्यापाशीच येते. आम्रखंडात दह्याचं पाणी टांगून काढून टाकायचं, कुल्फीत दुधाचं पाणी आटवून उडवायचं, आणि आइस्क्रीममध्ये पाणी आतच ठेवून त्याचे खडे होऊ द्यायचे नाहीत. यांपैकी कोणतं काम आपल्या घरात नीट होईल, हे पाहून निवड करावी. नुसतं आवडीवर ठरवलं तर बहुतेक वेळा फ्रीजर दगा देतो.

घाईत असलेल्यांसाठी आधी निकाल सांगून टाकतो. फ्रीज एका दाराचा असेल, वीज जात असेल किंवा पदार्थ पुरीबरोबर ताटात वाढायचा असेल, तर आम्रखंड. वेगळा फ्रीजर आहे, पण बीटर नाही आणि गॅसपाशी तासभर उभं राहायची तयारी आहे, तर कुल्फी. बीटर आहे, फ्रीजर उणे १८ अंशांना टिकतो आणि दोन दिवस हाताशी आहेत, तरच आइस्क्रीम. पहिल्यांदाच करणाऱ्यांनी आम्रखंडापासून सुरुवात करावी. तिन्हींपैकी तेच असं आहे की चूक झाली तरी बरेचदा सावरता येते.

खालची सगळी प्रमाणं ८ माणसांची आहेत.

आधी आंबा

तिन्ही पदार्थांना दाट, बिनरेषेचा गर लागतो. त्यात हापूस पहिला, केसर दुसरा. केसरचा रंग छान येतो, पण गर थोडा सैल असतो. पायरी रसासाठीच ठेवावी. तिचा रस चविष्ट, पण पातळ, आणि आम्रखंडात घातला की सगळं वाहायला लागतं. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. बाजारात कर्नाटकातला आंबाही हापूस म्हणून मिळतो. त्याचा गर या कामाला चालतो, सुगंध मात्र कमी पडतो.

पाव किलोच्या एका हापूसमधून १३० ते १४० ग्रॅम गर निघतो. म्हणजे आम्रखंडाला ३, कुल्फीला २ आणि आइस्क्रीमला ३ आंबे लागतील. एक जास्तीचा हाताशी ठेवावा, कारण साका, म्हणजे गरातला पांढरट, आंबूस भाग, बाहेरून कळत नाही. प्रत्येक आंबा वेगळा कापून, चाखून मगच एकत्र करावा. साक्याची एक आंबूस फोड सगळ्या गराची चव घालवते. देठाशी राहिलेला चीक जिभेला चरचरतो, म्हणून आंबे अर्धा तास पाण्यात ठेवून, देठाकडचा भाग थोडा जास्त कापून टाकावा.

हंगाम नसेल तर डब्यातला गर घ्यावा. नेहमीचा डबा ८५० ग्रॅमचा असतो. डब्यावर साखर घातल्याचं लिहिलेलं असेल, तर कृतीतली साखर निम्म्यावर आणून चाखत चाखत वाढवावी.

आम्रखंड: हाताला सोपं, घड्याळाला लांब

साहित्य असं: म्हशीच्या सव्वा लीटर सायीसकट दुधाचं दही, त्यातून निघणारा सुमारे ५०० ग्रॅम चक्का, आंब्याचा ४०० ग्रॅम गर, २०० ते २२५ ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि पाव चमचा वेलदोड्याची पूड. जायफळ श्रीखंडात शोभतं, पण आंब्यावर कुरघोडी करतं. गाईच्या दुधाचा चक्का कमी आणि सैल निघतो, तेव्हा दूध दीड लीटर घ्यावं.

निम्मं यश दह्यातच असतं. दही गोडसर असतानाच, म्हणजे लागल्याबरोबर टांगायचं. एप्रिल-मे महिन्यात रात्रभर नळाला टांगलेलं दही सकाळपर्यंत आंबट होतं, आणि तो आंबटपणा साखरेने झाकला जात नाही, फक्त पदार्थ जास्त गोड होतो. म्हणून मलमलच्या फडक्यात बांधून तासभर बाहेर निथळू द्यावं. मग गाठोडं चाळणीवर, चाळण पातेल्यावर, वर एक-दोन किलोचं वजन, आणि सगळं ८ ते १० तास फ्रीजमध्ये. चक्का फडक्याला न चिकटता गोळा सुटून आला की झाला. खालचं पाणी टाकून देऊ नये. कणीक भिजवायला उत्तम.

आता गर. तो कच्चाच मिसळला तर आम्रखंड हमखास सैल होतं, कारण दह्यातून कष्टाने काढलेलं पाणी आंब्यातून परत येतं. उपाय म्हणजे गर आटवणे. पण सगळा गर आटवला तर ताज्या आंब्याचा वास उडतो आणि चव आंबावडीकडे झुकते. म्हणून ३०० ग्रॅम गर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं हलवत निम्मा करावा, पूर्ण गार करावा, आणि उरलेला १०० ग्रॅम कच्चा तसाच घालावा. आटताना गर उडतो आणि हाताला चटका बसतो, तेव्हा लांब दांड्याचं उलथणं घ्यावं.

चक्का आणि साखर आधी एकत्र करून झाकून तासभर ठेवावी. साखर विरघळली की पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढावं, मग गर हाताने किंवा डावाने मिसळावा. मिक्सर अजिबात लावू नये. पात्यांनी चक्क्याची घडण मोडते, तो पातळ होतो, आणि जास्त फिरला तर लोणी सुटतं.

तरीही सैल झालं तर? ३ तास फ्रीजमध्ये ठेवून पाहावं, बरंच आळतं. नाहीच आळलं तर १०० ग्रॅम चक्का आणखी घालावा. दूध पावडर घालणारे असतात, पण ती टाळ्याला चिकटते आणि चव पिठूळ होते. फ्रीजमध्ये आम्रखंड ३-४ दिवस चांगलं राहतं. फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नये. सुटताना चक्का फुटून पाणी वेगळं होतं.

आंबा कुल्फी: सगळा खेळ आटवण्याचा

कुल्फीत हवा नसते, म्हणून ती जड आणि दाट लागते. बर्फाचे खडे होऊ न देण्याचं काम इथे आटलेलं दूधच करतं. दूध जितकं आटेल तितकं मोकळं पाणी कमी, आणि तितकी कुल्फी मऊ.

म्हशीचं दीड लीटर दूध पसरट कढईत मध्यम आचेवर ७०० मिलीपर्यंत आणावं. याला ४५ मिनिटं ते तासभर लागतो. कडेला धरलेली साय खरवडून परत दुधात घालत राहावं. कुल्फीचा रवाळपणा तिच्यातूनच येतो. शेवटच्या १५ मिनिटांत कढई सोडून जाऊ नये, कारण दूध लागलं तर तो वास जात नाही. १०० ग्रॅम साखर शेवटी घालून ५ मिनिटं उकळावं. आयत्या वेळी ठरलं असेल तर पाऊण लीटर दूध ५०० मिलीपर्यंत आटवून त्यात १०० ग्रॅम खवा कुस्करावा. कॉर्नफ्लॉवर घालायचंच असेल तर एका चमच्यापेक्षा जास्त नको, आणि तेही नीट शिजवलेलं.

आणि आता ती चूक, जी सर्वांत जास्त होते: कोमट दुधात गर ओतणं. आंब्यात आम्ल असतं, गरम दूध त्याने फाटतं, आणि फाटलेली कुल्फी पनीरच्या चुऱ्यासारखी लागते. दूध आणि २५० ग्रॅम गर, दोन्ही फ्रीजमध्ये थंडगार झाल्यावरच एकत्र करावेत. गराचं प्रमाणही वाढवायचा मोह टाळावा. एकूण मिश्रणाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा गर जास्त झाला की कुल्फी बर्फाच्या गोळ्यासारखी करकरते.

मिश्रण चाखताना थोडं जास्त गोड लागलं पाहिजे, कारण गोठल्यावर जिभेला गोडी कमी कळते. साखर घनपणाही ठरवते. कमी असेल तर कुल्फी दगड होते, फार असेल तर जमतच नाही. म्हणून साखर कमी खाणाऱ्यांच्या घरी कुल्फीपेक्षा आम्रखंड सोयीचं. त्यातली साखर १२० ग्रॅमपर्यंत उतरवली तरी घडण बिघडत नाही.

८० मिलीचे ११-१२ साचे भरतील. वर अर्धा सेंटिमीटर जागा सोडावी, कारण गोठताना मिश्रण फुगतं. झाकण घट्ट लावून साचे फ्रीजरच्या मागच्या बाजूला ८ ते १० तास ठेवावेत. काढताना साचा साध्या पाण्यात १० सेकंद बुडवून दोन तळव्यांत फिरवावा. गरम पाण्याने वरचा थर वितळून आकार जातो.

आंबा आइस्क्रीम: सामान जास्त, पण एकदा जमलं की जमलं

घरगुती आइस्क्रीमचे तीन मार्ग आहेत आणि त्यांत फरक मोठा आहे.

पहिला जी.एम.एस. (ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट) आणि सी.एम.सी. (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज) पावडरचा, मराठी घरांत जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा. ५०० मिली दुधापैकी १०० मिली गार ठेवावं. त्यात १ मोठा चमचा जी.एम.एस. आणि १ मोठा चमचा कॉर्नफ्लॉवर कालवावं. १२० ग्रॅम साखरेत चहाच्या चमच्याचा आठवा हिस्सा सी.एम.सी. कोरडीच मिसळावी, थेट दुधात टाकली तर तिच्या गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. बाकीचं दूध उकळलं की दोन्ही घालून ३-४ मिनिटं शिजवावं. जी.एम.एस. गरम दुधातच विरघळतं, तेव्हा इथे घाई नको. गार करून ५-६ तास गोठवावं, तुकडे करून बीटरने १० ते १५ मिनिटं फेटावं, मग २०० ग्रॅम क्रीम आणि ३०० ग्रॅम थंड गर घालून पुन्हा फेटावं. मिश्रण जवळजवळ दुप्पट होतं. जी.एम.एस. स्निग्धांश आणि पाणी एकमेकांना धरून ठेवतं, सी.एम.सी. मोकळं पाणी अडवते, आणि फेटल्याने हवा शिरते. पुन्हा ८ तास गोठवावं. पावडरी जास्त घातल्या तर आइस्क्रीम चिकट होतं आणि तोंडात गोळा राहतो.

दुसरा मार्ग फेटलेल्या क्रीमचा. ४०० मिली क्रीम, २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, आणि ३०० ग्रॅम गर आटवून. गॅसचं काम गर आटवण्यापुरतंच. पण इथे क्रीम ३५ टक्के स्निग्धांशाचंच हवं. दुकानात सहज मिळणारं २५ टक्क्यांचं क्रीम कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. ते पहिल्या मार्गासाठी ठीक. मे महिन्यात भांडं आणि बीटरची पाती १५ मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवून मगच सुरुवात करावी, नाहीतर क्रीमचं लोणी होतं. चवीला हे आइस्क्रीम तुपट असतं. ज्यांना आंबा पुढे हवा त्यांनी पावडरींचाच मार्ग धरावा.

तिसरा म्हणजे लाकडी बादलीतला पॉट, म्हणजे बर्फात बसवून हँडलने फिरवायचा डबा. भाड्याने किंवा कुणाकडे मिळत असेल तर जरूर आणावा, कारण सतत फिरत गोठल्यामुळे त्यातलं आइस्क्रीम बाकी दोन्हींपेक्षा सरस होतं, आणि फ्रीजर लागतच नाही. दीड लीटर मिश्रणाला ५ किलो बर्फ आणि सव्वा किलो खडेमीठ, आलटून पालटून थर लावून. मिठाने बर्फ वितळतो, पण त्याच वेळी बादलीतलं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. २५ ते ३० मिनिटांत हँडल जड झालं की थांबावं. बर्फाची पातळी डब्याच्या झाकणाखाली राहील याकडे लक्ष ठेवावं; खारं पाणी एकदा आत गेलं तर सगळं वाया जातं.

फ्रीजर आणि वाढण्याची वेळ

एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा पुरेसा थंड होत नाही आणि दार उघडताना प्रत्येक वेळी तापतो. मिश्रण हळू गोठलं की खडे मोठे होतात. अशा फ्रीजमध्ये कुल्फी कशीबशी निभते, आइस्क्रीम नाही. वीज तीन-चार तास गेली तर कुल्फी कडेने सुटते आणि पुन्हा गोठली की वर बर्फाची टोपी धरते. आइस्क्रीममधली हवा मात्र निघून जाते ती कायमची. आम्रखंडाला तेवढ्याने काहीच होत नाही.

पाहुणे कधी जेवतील याचा नेम नसेल तर आम्रखंडच करावं. आम्रखंड ताटात अर्धा तास बसलं तरी चालतं, कुल्फीला ७-८ मिनिटं मिळतात, आइस्क्रीमला त्याहून कमी. पंचवीसेक पानं उठवायची असतील तर आम्रखंड तिपटीने करणं सोपं आहे. साडेचार लीटर दूध आटवत बसणं तसं नाही.

परदेशात राहणाऱ्यांना निवड थोडी वेगळी पडते. तिथल्या दुधात साय कमी, म्हणून नुसतं दूध आटवून कुल्फी जमत नाही. आटवलेल्या दुधाचा डबा आणि कंडेन्स्ड मिल्क वापरावं लागतं. उलट आम्रखंडाला पूर्ण स्निग्धांशाचं ग्रीक दही फडक्यात ४-५ तास टांगलं की पुरतं, आणि ३५ टक्क्यांचं क्रीम सहज मिळत असल्याने दुसऱ्या मार्गाचं आइस्क्रीमही सोपं पडतं.

आंब्याऐवजी दुसरं फळ

सीताफळ आइस्क्रीम आणि कुल्फीला फार चांगलं, पण त्याचा गर कधीही तापवू नये, कडवट होतो. गार मिश्रणात शेवटी घालावा. अननस याच्या उलट. कच्च्या अननसातलं विकर (एन्झाइम) दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं आणि चक्का तासाभरात कडू लागायला लागतो. बारीक फोडी साखरेत ८ ते १० मिनिटं शिजवून, गार करून, निथळून मगच मिसळाव्यात. कच्च्या पपईगराचीही तीच गत. बरक्या फणसाचा रस चाळून आइस्क्रीममध्ये सुरेख लागतो, फक्त आंब्याच्या निम्मा घ्यावा आणि डबा घट्ट झाकावा, नाहीतर फ्रीजरमधल्या प्रत्येक वस्तूला फणसाचा वास लागतो.