जुन्या सँट्रोत, सीएनजीवर, इरिडियम प्लग: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

जुन्या सीएनजी गाडीत इरिडियम प्लग (मधल्या टोकाला इरिडियम धातू असलेले स्पार्क प्लग) घालावेत का? माझं उत्तर हो असं आहे, पण दुकानात ज्या कारणासाठी ते विकले जातात त्या कारणासाठी नाही. "साहेब, इरिडियम टाका, गाडी उडेल" असं काउंटरवरच्या पोराने मला सांगितलं होतं. गाडी उडत नाही. गेलेला पिकअप परत येतो, आणि तो साध्या नव्या प्लगनेही येतो. फरक पडतो तो दुसरीकडे.

गाडी बाबांनी घेतलेली सँट्रो झिंग. १०८६ सीसी, चार सिलिंडर, नंतर बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर गॅस देतो). पंधरा वर्षं झाल्यावर ठाणे आरटीओत पुन्हा पासिंग करून घेतली आहे. रोजची वाट कळवा, विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे आणि मग महापे, म्हणजे अर्धा वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. अधूनमधून मुंब्रा बायपासचा चढ चढून शिळफाट्याकडे जाणं होतं आणि दुखणं कळलं ते तिथेच. पेट्रोलवर गाडी गुमान चढायची. गॅसवर टाकली की तिसऱ्या गिअरला, कंटेनरच्या मागे जोर लावताना, धक् धक् करत मिसिंग, म्हणजे मध्येच ठिणगी चुकणं.

पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर मिसिंग असलं की बहुतेक जण थेट किटवाल्याकडे जातात. ट्यूनिंग करा, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) बघा, इंजेक्टर साफ करा. यातलं काहीही करण्याआधी प्लग काढून बघा, एवढं मला मनापासून सांगायचं आहे. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेन पेट्रोलपेक्षा पेटायला जड. ठिणगी पाडायला कॉइलला (बॅटरीचं व्होल्टेज प्लगसाठी चढवणारा भाग) जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. त्यात पाय दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि व्होल्टेजची मागणी आणखी चढते. प्लगचा गॅप (मधलं टोक आणि वरची पट्टी यांच्यातली फट) झिजून वाढलेला असेल तर पेट्रोल ते सांभाळून घेतं, गॅस घेत नाही. म्हणून थकलेल्या प्लगची पहिली चाहूल गॅसवर आणि चढावर लागते.

काढलेले प्लग मी पांढऱ्या कागदावर सिलिंडरच्या क्रमाने मांडले. रंग चारही ठिकाणी फिकट, जवळपास बिस्किटी. ऑइल नाही, काजळी नाही, म्हणजे इंजिन ठीक. पण झीज सारखी नव्हती. दोन प्लगांचं मधलं टोक कडा जाऊन गोलसर झालेलं. उरलेल्या दोघांचं मधलं टोक बऱ्यापैकी शाबूत, मात्र वरून वाकून आलेल्या पट्टीला आतल्या बाजूने खळगा पडलेला. फिलर गेजची (गॅप मोजायचं साधन) १.१ मिलिमीटरची तार चारही गॅपमधून सैल जात होती.

याचं कारण कॉइलमध्ये आहे. या गाडीत एक कॉइल दोन सिलिंडरना एकाच वेळी ठिणगी देते, १ आणि ४ ची एक जोडी, २ आणि ३ ची दुसरी. जोडीतल्या एका प्लगमध्ये वीज मधल्या टोकाकडून पट्टीकडे उडते, दुसऱ्यात उलट. त्यामुळे एकाचं टोक झिजतं, दुसऱ्याची पट्टी. प्लग निवडताना ही गोष्ट कोणी सांगत नाही आणि खरी मेख इथेच आहे. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच इरिडियम प्लगांत इरिडियम फक्त मधल्या टोकाला असतं, पट्टी निकेलचीच. म्हणजे चारपैकी दोन सिलिंडरमध्ये महागड्या धातूचा पूर्ण फायदा मिळतो, उरलेल्या दोघांत अर्धामुर्धा.

तरीही मी एनजीकेचे इरिडियम आयएक्स घेतले. साध्या प्लगचं मधलं टोक २.५ मिलिमीटर जाड असतं, याचं ०.६. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते आणि गॅसवर मला नेमकं तेच हवं होतं. इरिडियम वितळतं २४०० अंशांच्या वर, निकेल १४५५ ला, म्हणून एवढी बारीक तार टिकते.

नंबर मात्र मूळचाच ठेवला. साधा बीकेआर५ईएस-११, त्याच्या जागी बीकेआर५ईआयएक्स-११. बीके म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे आणि १६ चा पाना, आर म्हणजे रेझिस्टर, ई म्हणजे १९ मिलिमीटर आट्यांची लांबी, ११ म्हणजे १.१ गॅप. मधला ५ हा हीट रेंज, म्हणजे प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा आकडा. गॅसवर गाडी गरम चालते, एक नंबर थंड म्हणजे ६ टाका, असा सल्ला दोघांनी दिला. मी ऐकला नाही. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांवर गेलं की स्वतःची काजळी स्वतः जाळतं, आणि ऐरोलीच्या सिग्नलला रांगत, सकाळी पेट्रोलवर सुरू होणाऱ्या गाडीत थंड प्लग तिथवर पोचायला वेळ लावतो. दिवसभर हायवेवर गॅस जाळणाऱ्याने ६ चा विचार जरूर करावा. कंपनी बदलणार असाल तर जपून: एनजीकेचा ५ म्हणजे डेन्सोचा १६, आणि बॉशमध्ये आकडा उलटा चालतो, मोठा नंबर म्हणजे गरम प्लग. (कळव्यातले जुने मिस्त्री बॉशला अजून मायकोच म्हणतात. कंपनीचं नाव २००८ मध्ये बदललं, तोंडातलं नाही.)

गॅप १.१ वरून ०.९ वर आणला. त्याहून खाली नाही, कारण पट्टी फार दाबली की ती टोकाला समांतर राहत नाही. हे करताना फक्त पट्टी वाकवायची. बारीक टोकावर गेज टेकवून जोर दिला तर ते तुटतं. वायरचा गेज वापरा, नाण्यासारखा गोल गेज नको.

बसवणं घरी, पार्किंगमध्येच केलं. इंजिन पूर्ण थंड, कारण हेड ॲल्युमिनियमचं. वायरींना नंबरच्या चिठ्ठ्या, वायर ओढायची नाही, रबरी टोपी धरून फिरवत काढायची. प्लग उघडण्याआधी भोवतालची धूळ हवेने उडवली. नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्यात खोचून हाताने फिरवला: आटे तिरके लागले तर नळीच घसरते, हेडचे आटे वाचतात. वॉशर टेकल्यावर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. टॉर्क पाना असेल तर २५ ते ३० न्यूटन मीटर. आट्यांना ग्रीस अजिबात नाही, त्याने आटे सरकतात आणि प्लग नको तेवढा आवळला जातो. घेतानाच वॉशर बोटाने काढून बघा. अस्सल एनजीकेचा वॉशर सहज निघून येत नाही, नकली प्लगचा बऱ्याचदा येतो. बिल घ्याच.

अनुभव सांगतो. बायपासवरचं मिसिंग पहिल्या दिवशीच गेलं. सकाळचं स्टार्टिंग एका सेल्फात. आयडलिंग एसी लावूनही स्थिर. किलोमागे ॲव्हरेज थोडं वाढलं, पण त्याच आठवड्यात एअर फिल्टरही बदलला होता, त्यामुळे ते श्रेय मी प्लगला देत नाही.

जुलैत विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं त्या दिवसांत मिसिंग पुन्हा आलं, फक्त ओल्या सकाळी. प्लग नवे, मग चोर कोण? रात्री बॉनेट उघडून, दिवे बंद करून इंजिन चालू ठेवलं आणि वायरींवर स्प्रेने हलका पाण्याचा फवारा मारला. तिसऱ्या सिलिंडरच्या वायरीवरून इंजिनाच्या लोखंडाकडे निळी बारीक ठिणगी चटचट उडताना दिसली. हात लांब ठेवून बघा, पण बघाच. प्लगवायरींचा पूर्ण सेट बदलला आणि ऑगस्ट सुरळीत गेला. जुन्या गाडीत वायरी तपासल्याशिवाय महाग प्लग घालणं म्हणजे पैसे अर्धे वाया घालवणं.

आता उन्हाळ्यात प्लग पुन्हा काढून पाहिले. इरिडियमची टोकं चारही नव्यासारखी, कडा धारदार. दोन पट्ट्यांना मात्र झीज लागलेली आहे, गॅप ०.९ वरून किंचित वाढला आहे, आणि हे तेच दोन सिलिंडर जिथे जुन्या प्लगांनाही खळगा होता. म्हणून गॅसवर चालणाऱ्या अशा कॉइलच्या गाडीत खोक्यावरच्या आयुष्यावर विसंबू नका, दर सर्व्हिसला गॅप मोजा. साध्या प्लगच्या चार-पाच पट पैसे मोजण्यापेक्षा साधे प्लग ०.९ ला लावून लवकर लवकर बदलत राहणं हाही चोख मार्ग आहे, विशेषतः गाडी कमी फिरत असेल तर. माझी रोज फिरते, म्हणून पुढच्या वेळी पट्टीलाही मौल्यवान धातूची टिकली असलेला प्लग याच नंबरात शोधणार आहे.

तोवर गॅप पुन्हा ०.९ ला आणून १ चा प्लग ४ ला, ४ चा १ ला, आणि २-३ ची तशीच अदलाबदल केली आहे, म्हणजे झिजलेल्या पट्टीला आराम मिळेल आणि चारही सारखे झिजतील. वॉशर आधीच दबलेला असल्याने या वेळी टेकल्यानंतर फक्त एक बारांश फेरा दिला.